ढगातले लोह, हवेतले गंधक

पुण्याच्या हवेत सल्फर डायऑक्साइड फारसा नाही, असे आपण अनेक वर्षे ऐकत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कर्वे रस्ता, स्वारगेट आणि भोसरी येथील केंद्रे हा वायू वर्षानुवर्षे मोजत आहेत. राष्ट्रीय मानकांनुसार निवासी भागात त्याची 24 तासांची सरासरी घनमीटरला 80 मायक्रोग्रॅमच्या आणि वर्षाची सरासरी 50 च्या आत असावी लागते. पुण्याचे आकडे सहसा या मर्यादेच्या बरेच खाली असतात. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे इंधन आले आणि पेट्रोल-डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत 10 भागांवर उतरले. शहराच्या वेशीजवळ कोळशावरचे मोठे वीजकेंद्रही नाही. तेव्हा गंधकाचा प्रश्न इथे मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. या प्रस्तावनेत मला नेमक्या याच समजुतीशी वाद घालायचा आहे. मर्यादा पाळली जाते ती वायूची. वायू हवेतून नाहीसा झाला म्हणजे त्यातले गंधक नाहीसे झाले असे नव्हे. ते रूप बदलून त्याच हवेत राहते. ते कोणत्या रूपात राहील, किती काळ राहील आणि श्वासाबरोबर किती खोल जाईल, याचा निकाल बऱ्याच अंशी असे पदार्थ लावतात ज्यांची नोंद कोणत्याही दैनिक अहवालात होत नाही: धूलिकणांवर बसलेले लेशमात्र लोह आणि मँगनीज.

सल्फर डायऑक्साइडचे सल्फेट होण्याच्या वाटा अनेक आहेत. कोरड्या हवेत, दिवसाउजेडी, हायड्रॉक्सिल नावाचा अल्पायुषी मूलक हे काम करतो. पण ती वाट संथ आहे, तिच्यावरून जायला वायूला काही दिवस लागतात. ढग, धुके किंवा दमट धूलिकण आडवा आला की चित्र बदलते. वायू पाण्यात विरघळतो, त्याचे सल्फाइट आणि बायसल्फाइट होते, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोन त्याचे काही मिनिटांपासून काही तासांत सल्फेट करून टाकतात. यांतला पेरॉक्साइड थेंब आम्लधर्मी असतानाही कार्यक्षम राहतो. ओझोनला अल्कधर्मी पाणी मानवते, सामू उतरला की त्याचा वेग झपाट्याने पडतो. पण हे दोघेही मुळात सूर्यप्रकाशाचे आश्रित आहेत. उन्हात चालणाऱ्या रसायनातून ते जन्मतात, आणि हिवाळ्यात, रात्री किंवा दाट धुराच्या लोटात त्यांचा पुरवठा आटतो. तिसरी वाट साध्या ऑक्सिजनची आहे. ऑक्सिजन हवेत कधीच कमी पडत नाही, पण सल्फाइटशी त्याची आपणहून होणारी क्रिया इतकी मंद आहे की वातावरणात ती नसल्यासारखीच धरावी. लोह किंवा मँगनीज हजर असले की हीच मंद क्रिया वेग घेते. तिला ऊन लागत नाही की पेरॉक्साइड लागत नाही. रात्रीचे धुके असले तरी चालते.

एका मेघबिंदूत डोकावून पाहावे. त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आणि त्यात विरघळलेले लोह लिटरला काही मायक्रोग्रॅम, फार तर काही शे मायक्रोग्रॅम. हे लोह तीन धनप्रभार असलेल्या अवस्थेत असते. ते सल्फाइटकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेते आणि स्वतः दोन प्रभारांच्या अवस्थेत येते. इलेक्ट्रॉन गमावलेले सल्फाइट आता मूलक झालेले असते. ते शेजारचा ऑक्सिजन लगेच पकडते आणि त्यातून आणखी जहाल मूलक तयार होतो. हा मूलक पुढच्या सल्फाइटवर तुटून पडतो आणि साखळी चालू राहते. मधल्या काळात याच मूलकांमुळे लोह पुन्हा तीन प्रभारांवर येते आणि नव्या फेरीला मोकळे होते. नावाडी प्रवाशाला पैलतीरी सोडतो आणि रिकामी होडी घेऊन परततो, तसा हा व्यवहार आहे: प्रवासी संपतात, नावाडी संपत नाही. म्हणूनच धातूचे प्रमाण गंधकाच्या मानाने नगण्य असले तरी परिणाम नगण्य राहत नाही. मँगनीजचे काम थोड्या वेगळ्या पायऱ्यांनी चालते, पण फलित तेच. आणि दोन्ही धातू एकाच थेंबात असले, तर दोघांच्या स्वतंत्र वेगांची बेरीज करून जे उत्तर यावे त्याच्या तिपटीपासून दहापटीपर्यंत वेग प्रयोगांत आढळला आहे. वातावरणातल्या थेंबात हे दोघे बहुधा एकत्रच असतात, हे इथे लक्षात घेतले पाहिजे.

हे ज्ञान नवे नाही. सल्फाइटचे ऑक्सिडीकरण तांब्याच्या अंशमात्र अस्तित्वाने किती वेग घेते, हे टिटॉफ यांनी 1903 मध्येच दाखवले होते. 1930 च्या दशकात हाबर, विलश्टेटर आणि बॅकस्ट्रॉम यांच्या कामातून मूलकांच्या साखळीची कल्पना रुजली. युंग आणि रायन यांनी 1958 मध्ये हा विषय थेट वातावरणाच्या दारात आणून ठेवला. थेंबात अमोनिया आणि धातू असताना गंधकाचे काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच्या सहाच वर्षे आधी, डिसेंबर 1952 मध्ये, लंडनवर धुक्याची आणि कोळशाच्या धुराची चादर 5 तारखेपासून 9 तारखेपर्यंत बसून राहिली होती. त्या वेळच्या अंदाजाने सुमारे 4,000 माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा 12,000 च्या आसपास नेला. दिवसाही ऊन पोहोचत नव्हते अशा त्या धुक्यात इतके सल्फ्युरिक आम्ल झाले कसे, या कोड्याच्या उत्तरात लोह-मँगनीज सुरुवातीपासून आहेत. अलीकडे नायट्रोजन डायऑक्साइडचाही दावा पुढे आला आहे आणि तो वाद अजून संपलेला नाही.

या विषयाला खरी कलाटणी दिली ती 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एलायझा हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात श्म्यूके नावाचा डोंगर आहे. ढग त्याच्या माथ्यावरून वाहत जातात, त्यामुळे ढगात शिरण्याआधीची, ढगातली आणि ढगाबाहेर पडल्यावरची हवा तिथे तपासता येते. सल्फेट कोणत्या वाटेने झाले हे गंधकाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते, कारण प्रत्येक वाट 32 आणि 34 भाराच्या अणूंमध्ये आपापली निवड करते आणि त्या निवडीची खूण मागे राहते. या खुणांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की त्या ढगांत धातूंच्या उत्प्रेरणाने होणारे ऑक्सिडीकरण हीच प्रमुख वाट होती. जगभरातल्या 12 प्रमुख हवामान प्रारूपांपैकी त्या वेळी फक्त एकात ही वाट धरलेली होती. पण माझ्या मते त्या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. हे सल्फेट मुख्यतः जाड खनिज धुळीच्या कणांवर तयार होत होते. जाड कण लवकर खाली बसतात. म्हणजे ते सल्फेट हवेत फार टिकत नाही आणि सूर्यप्रकाश परतवून पृथ्वी थंड ठेवण्याचे त्याचे कामही थोडेच.

इथून पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. उत्प्रेरक धातू कोणत्या कणावर बसला आहे, यावर गंधकाचे भवितव्य ठरते. तोच वायू, तेच लोह; पण लोह मुरमाच्या जाड कणावर असेल तर गंधक दिवस-दोन दिवसांत जमिनीवर उतरेल, आणि तेच लोह अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणावर असेल तर तयार झालेले सल्फेट कित्येक दिवस तरंगत राहील, शेकडो किलोमीटर जाईल आणि फुप्फुसाच्या अगदी आतल्या कप्प्यांत पोहोचेल. थुरिंगियाच्या डोंगरावर धातू निसर्गाच्या धुळीतून आले होते. पुण्यात ते कुठून येतात?

पुणे दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे. या बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे वजनाने साधारण 10 ते 15 टक्के असतात, आणि मँगनीजही थोडे असते. वाघोलीच्या खडी क्रशरपासून शहरातल्या प्रत्येक बांधकामापर्यंत हा दगड फुटतो, दळला जातो आणि हवेत मिसळतो. धुळीत लोह किती, असा प्रश्न असेल तर पुण्याची धूळ लोहाने श्रीमंत आहे. पण दगडातले लोह स्फटिकांत जखडलेले असते. ताज्या खनिज धुळीतून पाण्यात उतरणारे लोह बहुधा टक्का-दीड टक्क्याच्या वर जात नाही. उत्प्रेरण करते ते फक्त विरघळलेले लोह. म्हणून दुसऱ्या उगमाकडे पाहावे लागते. दुचाकींच्या या शहरात चौकाचौकांत ब्रेक दाबले जातात आणि प्रत्येक वेळी लोखंड-तांब्याची बारीक भुकटी उडते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात ओतकाम, जोडकाम आणि घासकाम चालते. वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतेच. कोळसा आणि फर्नेस ऑइल जाळल्यावर उडणाऱ्या राखेतले लोह तर दगडातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज विरघळते, कारण उच्च तापमानाने त्याची मूळची घट्ट रचना मोडलेली असते. या सगळ्यांचा वजनाने हिस्सा दगडी धुळीच्या मानाने लहान असेल. पण पाण्यात उतरणाऱ्या लोहातला त्यांचा हिस्सा मोठा असू शकतो, आणि त्यातला बराच भाग बारीक कणांवर असतो. भर म्हणजे ही प्रक्रिया स्वतःला खतपाणी घालते. बारीक कणावर सल्फेट जमले की तो कण आम्लधर्मी होतो, आम्लात आणखी लोह विरघळते, आणि ते आणखी गंधकाला हाताशी धरते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पुण्यातूनच येतो, आणि तो इथल्याच शास्त्रज्ञांच्या कामावर आधारलेला आहे. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 1962 पासून या शहरात आहे. तिथले एल. टी. खेमाणी आणि सहकारी यांनी 1987 मध्ये दाखवून दिले की भारतातल्या ढगांच्या आणि पावसाच्या पाण्याचा सामू अल्कधर्मी धुळीच्या ताब्यात आहे. युरोप-अमेरिकेत आम्लवर्षेने तळी आणि जंगले होरपळत होती, त्या काळात आपला पाऊस मात्र निरोगी होता, कारण आपल्या मातीतला चुना आम्लाला जागीच गिळत होता. हवामान खात्याच्या पुणे आणि नागपूरसह 10 केंद्रांच्या जाळ्यानेही दीर्घकाळ पावसाचे पाणी तपासले आहे. आता आक्षेप असा: सामू 6 च्या वर गेला की तीन प्रभारांचे लोह हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसते, विरघळलेले राहत नाही. मग अल्कधर्मी पुण्यात लोहाच्या उत्प्रेरणाला जागाच कुठे? तिथे ओझोन केव्हाच काम उरकून मोकळा होणार.

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो, आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. जाड, चुनायुक्त धुळीच्या कणावर ओझोनचीच सरशी होणार. पण पावसाच्या भांड्यात मोजलेला सामू ही बेरीज-वजाबाकी झाल्यानंतरची शिल्लक असते. ढगातून निघालेला थेंब वाटेत धूळ धुऊन आणतो, जाड-बारीक सगळे कण एका भांड्यात विरघळतात, आणि त्यांची सरासरी आपल्या हाती येते. हवेत मात्र ते कण वेगवेगळे असतात. एकाच घनसेंटिमीटरमध्ये चुन्याने अल्कधर्मी झालेला जाड कण आणि अमोनियम सल्फेटने आम्लधर्मी झालेला बारीक कण शेजारी शेजारी तरंगत असतात, आणि एकाचा चुना दुसऱ्याच्या आम्लाला पोहोचत नाही. लोहाला मानवणारा सामू 4 ते 5 च्या घरातला, आणि तो सापडतो नेमका त्या बारीक कणात, ज्याची आरोग्याला सर्वाधिक झळ बसते. आणखी एक गोष्ट: चुना आम्लाला मारतो, सल्फेटला मारत नाही. पाऊस आम्लधर्मी नाही याचा अर्थ सल्फेट झाले नाही असा घेणे म्हणजे खात्यावरची शिल्लक पाहून उलाढाल ठरवणे होय. शिवाय त्या 10 केंद्रांच्या नोंदींत काही ठिकाणी सामू दशकागणिक उतरताना दिसला आहे. चुन्याचा हा बचाव कायमचा नाही, हे त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे. लोहाच्या वेगाचे आकडे प्रयोगशाळेतल्या पातळ द्रावणांत काढलेले आहेत. हवेतला दमट कण म्हणजे क्षारांचे दाट द्रावण, आणि दाट क्षारांत लोहाचा वेग पडतो. कचरा आणि लाकूड जाळल्याने हवेत येणारे ऑक्झॅलेट लोहाला बांधून ठेवते आणि त्याचे हात अडकवते. हे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, आणि जे अभ्यासक पातळ द्रावणाचे आकडे थेट धुरकट हवेला लावतात ते चूक करतात. पण चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. चीनच्या उत्तरेकडच्या धुरक्याचे प्रकरण पाहा. 2016 मध्ये तिथल्या सल्फेटचे श्रेय प्रामुख्याने नायट्रोजन डायऑक्साइडला दिले गेले, आणि 2021 मध्ये दुसऱ्या गटाने कणांच्या पृष्ठभागावर मँगनीजच्या उत्प्रेरणाने होणारी क्रियाच प्रबळ असल्याचे मांडले. पाण्यात विरघळण्याची वाट न पाहता पृष्ठभागावरच क्रिया होत असेल, तर पातळ द्रावणाचे आकडे वेग जास्त सांगत नसून कमी सांगत असतील. यातून मी इतकेच घेतो की वाटा एकमेकींना रद्द करत नाहीत. ऋतू, वेळ, सामू आणि कण बदलला की प्रबळ वाट बदलते. पावसाळ्याच्या दुपारी सिंहगडाच्या ढगात पेरॉक्साइड पुढे असेल. डिसेंबरच्या पहाटे, मुळा-मुठेच्या खोऱ्यात थंड हवा खाली आणि उबदार हवा वर अशी उलटी मांडणी होऊन धूर कोंडलेला असताना, धातूंची पाळी असेल.

या रसायनाचा सरकारी निर्णयांशी थेट संबंध आहे, म्हणून ते नुसते विद्वानांच्या चर्चेचे राहत नाही. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने कोळशावरच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. ती पाळायची तर बहुतेक ठिकाणी धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवणे भाग होते. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या. जुलै 2025 मध्ये देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना या अटीतून सूट मिळाली. सूट देण्याच्या बाजूने मांडलेले मुद्दे वाचकाला आता ओळखीचे वाटतील: आपल्या कोळशात गंधक कमी, आपल्या शहरांतल्या हवेत हा वायू मर्यादेच्या आत, आणि आपला पाऊस आम्लधर्मी नाही. तिन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. पण आपल्या कोळशात गंधक कमी असले तरी राख 35 ते 45 टक्के असते, म्हणजे तितक्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. चिमणीतून गंधकाबरोबर जी राख निसटते ती विरघळणारे लोह सोबत घेऊनच निघते. विदर्भातल्या कोराडी-चंद्रपूरसारख्या केंद्रांच्या धुरात वायू आणि उत्प्रेरक एकत्रच प्रवास करतात. तो वायू शहरातल्या केंद्रावर पोहोचेपर्यंत बराचसा सल्फेट झालेला असतो, आणि तिथे त्याची नोंद गंधकाच्या रकान्यात न होता बारीक कणांच्या रकान्यात होते. वायूचा आकडा कमी दिसण्याचे एक कारण त्याचे झालेले रूपांतर हेही आहे. त्या कमी आकड्यालाच निर्दोषपणाचा पुरावा मानणे मला मान्य नाही.

सल्फेट पृथ्वीला थंड ठेवते, तेव्हा ते काढू नये, असेही सुचवले जाते. श्म्यूकेच्या निष्कर्षाने या मुद्द्याची धार कमी होते. ज्या सल्फेटला जाड धुळीवर जन्म मिळतो ते थंडावा फारसा देत नाही, आणि तो हिशेब न धरता केलेले थंडाव्याचे अंदाज फुगलेले असतात. धुळीच्या देशात ते अधिकच फुगलेले असण्याची शक्यता आहे. उरते ते बारीक कणांवरचे सल्फेट. ते थंडावा देते हे खरे, पण त्याची किंमत माणसांच्या फुप्फुसांनी मोजायची आहे. हवामान बदलाचा उपाय म्हणून लोकांना न विचारता त्यांच्या श्वासात सल्फेट सोडण्याचा अधिकार कोणाला नाही, हे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे.

पुढची पाने वाचताना वाचकाने एक प्रश्न सतत जवळ ठेवावा: हा धातू कोणत्या कणावर आहे आणि त्यातला किती विरघळतो? एकूण लोह किती हा आकडा इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. समीकरणे जड वाटली तर ती पहिल्या वाचनात ओलांडून पुढे गेले तरी चालेल, पण सामूच्या आलेखांवरून घाईने जाऊ नये. सगळा वाद तिथेच तोलला जातो. आपल्या राष्ट्रीय हवा मानकांच्या 2009 च्या यादीत 12 प्रदूषके आहेत. त्यांत शिसे, आर्सेनिक आणि निकेल हे तीन धातू आहेत, कारण ते थेट विषारी आहेत. लोह नाही, मँगनीज नाही, सल्फेटही नाही. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी निदान पुण्यातल्या तीन-चार केंद्रांवर, हिवाळाभर, बारीक कणांच्या फिल्टरवरचे सल्फेट आणि विद्राव्य लोह-मँगनीज मोजून ते आकडे वायूच्या आकड्याशेजारी छापावेत. फिल्टर आधीपासून गोळा होतात, आणि पाण्यातले आयन मोजण्याची विद्या पाषाणला चार दशकांपासून आहे.